कुक्याची सोबत

नेमगोंडा मगदूम सकाळी सात वाजता कुक्याला पेपरातल्या निधनवार्ता वाचून दाखवत होते, तेव्हा कुक्यानं छातीवरचं पहिलं पीस उपटलं.

वाचन थांबलं. पीस गिरक्या घेत पिंजऱ्याच्या तळाशी गेलं. नेमगोंडांनी चष्मा कपाळावर सरकवला, पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "का रे? ओळखीतले होते काय?" कुक्यानं उत्तरादाखल दुसरं पीस उपटलं.

कुक्या म्हणजे पोपट. पण हिरवा, लाल चोचीचा, मिरची खाणारा नव्हे. अंग राखाडी, गालावर केशरी टिकली आणि डोक्यावर तुरा. घराणं ऑस्ट्रेलियाचं, जन्म मात्र इथलाच. जातीचं नाव कॉकटील. लेक आदिती दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, तेव्हा जाताना ती म्हणाली होती, "आप्पा, कुकीला एकटं ठेवू नका हं." कुकी हे नाव नेमगोंडांना बिस्किटासारखं वाटे, म्हणून त्यांनी त्याचा कुक्या केला. बाकी सूचना त्यांनी अक्षरशः पाळली. वीजबिल विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाला साधी विनंतीसुद्धा परिपत्रकासारखी ऐकू येते.

कॉकटील हा शब्द मात्र उचगावच्या त्या कॉलनीत कुणाच्याच जिभेवर बसला नाही. सगळे कॉकटेलच म्हणत, आणि पुढं पुढं नेमगोंडाही. घर जैनांचं, सूर्यास्तानंतर पातेलं चुलीवर चढत नाही, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही. अशा घरातल्या माणसाला मंदिराच्या ट्रस्टींनी एकदा विचारलं, "मगदूम, हल्ली संध्याकाळचं दिसत नाही?" नेमगोंडा सरळपणे म्हणाले, "घरात कॉकटेल आहे हो. सहा वाजले की ते सोडून कुठं जाववत नाही." ट्रस्टी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

तर, पिसं. आठ दिवसांत कुक्याच्या छातीवर रुपयाएवढं टक्कल पडलं आणि बातमी कुंपणापलीकडं गेली. शेजारचे मल्लाप्पा गुळाचे व्यापारी, मूळचे निपाणीकडचे. ते चप्पल काढून आत आले, पिंजऱ्यासमोर बसले आणि त्यांनी बराच वेळ मान हलवली.

"ह्येला एकटंपणा चावतोय बघा, मगदूमसाहेब. आमच्यात बैल एकटा राहिला की वैरण सोडतोय. जोडी आणा."

"एकटा कुठं आहे? मी असतो की दिवसभर."

मल्लाप्पांनी एकदा नेमगोंडांकडं पाहिलं, एकदा पोपटाकडं. "तुम्ही हाय, खरं. पर तुम्हांस्नी पंख कुठं हायत?"

मल्लाप्पांच्या पत्नी चन्नम्मा यांनी आरसा टांगायला सांगितलं, तोही टांगून झाला. कुक्या आरशावर इतका खूश झाला, की त्यानं नेमगोंडांकडं पाठ केली ती केलीच. तीन दिवस ते अग्रलेख वाचत राहिले आणि तो आरशाला मान वाकवून दाखवत राहिला. चौथ्या दिवशी आरसा काढला. काच फुटून पक्ष्याला इजा होऊ नये म्हणून, असं त्यांनी पत्नीला सांगितलं. अरुणाकाकूंनी काहीच विचारलं नव्हतं.

आदितीनं बेंगळुरूहून मोबाईलवर लेख पाठवले. एकात लिहिलं होतं, एकटा ठेवलेला पोपट झुरून मरतो. दुसऱ्यात लिहिलं होतं, दुसरा आणलात तर दोघं एकमेकांची बोटं तोडतील. तिसऱ्यात, दुसरा आणलात तर पहिला तुम्हांला विसरेल. नेमगोंडांनी तिन्ही लेखांच्या प्रिंट काढल्या, पंच मारलं, फाईल केली आणि वर लिहिलं, 'विषय : कुक्यास सोबत देणेबाबत.' तिसऱ्या लेखाचं पान त्यांनी सगळ्यांत खाली लावलं.

"माझं मत फाईलला लावा," अरुणाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "एक जीव आधीच कोंडलाय. आता त्याला करमत नाही म्हणून दुसरा कोंडायचा. दुसऱ्याला करमलं नाही की तिसरा. मला हे पाप नको."

"अगं, पण तो झुरतोय!"

"झुरतोय ते दिसतंय मला. कशानं झुरतोय ते कुठं ठाऊक आहे तुम्हांला?"

हे शोधायला ते कुक्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत पुढं एक म्हैस होती, मागं दोन शेळ्या. म्हशीनं पिंजरा हुंगला आणि कुक्या दांडीवरून पडला. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा काढला, पक्ष्याकडं पाहिलं आणि कॅल्शियमचे थेंब लिहून दिले.

"जोडी करा, नाहीतर जरा वेळ देत जा त्याला."

"वेळ?" नेमगोंडांचा आवाज चिरकला. "अहो, रोजचे बारा तास देतो! रविवारची सुट्टी नाही, दिवाळीची नाही. नोकरीतसुद्धा एवढी हजेरी नव्हती माझी."

डॉक्टर पुढच्या शेळीकडं वळले होते. म्हणजे जोडीच. पण जोडी कुणाची? कुक्या नर आहे हे नेमगोंडांनी त्याच्या करारी चेहऱ्यावरून ठरवलेलं. आदिती म्हणाली, असं चालत नाही, पीस प्रयोगशाळेत पाठवावं लागतं आणि तेही मुळासकट ताजं उपटलेलं. जिवंत जिवाचं पीस उपटायला या घरात परवानगी मिळणार नाही, असं अरुणाकाकूंनी बजावलं. मग नेमगोंडा स्वच्छ पाकीट घेऊन पिंजऱ्याशेजारी बसले. कधी उपटतोय याची वाट पाहताना वेळ जावा म्हणून त्यांनी कुक्याला दोन हजार अकरा सालच्या ज्येष्ठता यादीतला गोंधळ सांगायला घेतला. दहा मिनिटांच्या आत चार पिसं पाकिटात पडली. किती समंजस पक्षी आहे, या विचारानं त्यांना भरून आलं.

अहवाल आला. मादी.

नेमगोंडा खुर्चीत बसले. दोन वर्षं ते या पक्ष्यासमोर बिनदिक्कत बनियन बदलत आले होते. 'अरे गड्या' म्हणून हाक मारत होते. घरातल्या बायकांबद्दल चार गोष्टी विश्वासानं बोलले होते.

"आदिती पहिल्या दिवसापासून कुकीच म्हणत होती," अरुणाकाकू म्हणाल्या. त्या दिवसापासून नेमगोंडा बनियन बदलायला आतल्या खोलीत जाऊ लागले आणि कुक्याची परत कुकी झाली.

एवढ्यात मल्लाप्पांनी कुठूनसं ऐकून आणलं, की पोपट पाळला तर थेट आत टाकतात. नेमगोंडांना सगळ्या नोकरीत एक साधा मेमो मिळाला नव्हता. ते दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत घेऊन वनखात्याच्या कार्यालयात हजर झाले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी आधी बसायला खुर्ची दिली.

"काय धरलं म्हणायचं तुमच्याकडं?"

"धरलं काही नाही. मी स्वतःहून आलोय. आमच्याकडं पोपट आहे."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "पावणं, हितं धरून आणलेली माणसं येत्यात. स्वतःहून आलेलं तुम्हीच पैलं." मग त्यांनी फोटो पाहिला. "हे कॉकटेल हाय. परदेशी. आपल्या रानातला हिरवा पोपट पाळायला बंदी हाय, ह्येला न्हाय. जावा बिनघोर."

"म्हणजे परवानगी लागत नाही?"

"न्हाय."

"दुसरा आणला तरी?"

"तरी न्हाय."

"मग तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"परवानगी लागत नाही, असं."

"अवो, लागतंय ते लिहून देता येतंय. जे लागतच न्हाय, ते लागत न्हाय म्हणून कशावर लिहू? त्याचा फॉर्मच न्हाय!"

नेमगोंडांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. अर्ज घेता येत नाही म्हणून तो परत आला. मग तो टपालानं पाठवला, त्याची पोच फाईलला लावली आणि तीस दिवस वाट पाहायचं ठरवलं. सातव्या दिवशी कुकीच्या छातीवरचं टक्कल पुरीएवढं झालं. ती तुरा पाडून कोपऱ्यात बसायची, शिट्टी बंद झालेली, राळ्याच्या कणसालासुद्धा चोच लावेना. त्या संध्याकाळी नेमगोंडांनी पेपर वाचून दाखवला नाही. पिंजऱ्याच्या तारेतून बोट आत घालून ते नुसते उभे राहिले. तिनं बोटावर चोच टेकवली, पण चावली नाही. हेच त्यांना सहन झालं नाही. उत्तराची वाट न पाहता काहीतरी करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

कबनूरला यशराज चौगुले नावाचा गृहस्थ पक्षी पाळतो, असा पत्ता मल्लाप्पांनी काढलाच होता. चाळिशीचा माणूस, आठ यंत्रमागांचा मालक. खाली मागांचा खडखडाट, वर माडीवर जाळीच्या खोलीत चाळीस कॉकटील. मागांवर आयुष्य गेल्यामुळं तो शेजारी बसलेल्याशीही पलीकडच्या गल्लीत असल्यासारखा ओरडून बोलायचा.

"ह्यो न्या! शेट म्हणतोय आमी ह्येला! म्हैनाभर ठेवा, जमलं तर तुमचा, न्हाय तर आणून सोडा!"

शेट गोल, गुबगुबीत, पिवळ्या तोंडाचा नर होता. नेमगोंडांनी त्याला मांडीवर पिंजरा धरून एसटीनं उचगावला आणलं. कुकीशेजारी दुसरा पिंजरा टांगला. सगळे श्वास रोखून बसले. शेटनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि किंचाळायला सुरुवात केली. तो पाऊण तास थांबला नाही.

नेमगोंडांनी यशराजला फोन लावला.

"तिकडं लईच शांत आसंल की वो!" यशराज ओरडला. "त्यो जन्मल्यापासनं मागाच्या आवाजात वाढलाय! शांत झालं की भ्या वाटतंय त्येला!"

त्यावर यशराजनं उपायही पाठवला : यंत्रमागाच्या आवाजाची अर्ध्या तासाची ध्वनिफीत. ती मोबाईलवर लावताच शेट गप्प झाला, त्यानं पिसं फुलवली आणि डोळे मिटले. ती बंद करताच डोळे उघडले. अशा रीतीनं मगदूमांच्या दिवाणखान्यात माग सुरू झाला. खट-खटाक, खट-खटाक, सकाळपासून मालिका संपेपर्यंत. नेमगोंडांना त्यावर आवाज चढवून पेपर वाचावा लागे. तिसऱ्या दिवशी मोबाईलची बॅटरी संपली, तरी आवाज चालूच राहिला, तेव्हा कळलं की शेटला तो तोंडपाठ होता. पाचव्या दिवशी मल्लाप्पा आले. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"साहेब, राहत्या घरात माग टाकलासा तर कॉलनीची परवानगी घ्याया पायजे होती."

"तुम्हीच म्हणालात, जोडी आणा!"

"जोडी म्हनलो. कारखाना न्हाय म्हनलो."

कुकीनं मात्र आता पाठीची पिसं काढायला घेतली होती. सातव्या दिवशी शेटनंही छातीवरचं एक उपटलं. आपण हात लावू त्या पक्ष्याची पिसं झडतात, असं नेमगोंडांना वाटू लागलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच अरुणाकाकूंनी 'मी सांगितलं होतं' असं म्हणायची संधी सोडली, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते नेमगोंडांना कळलं.

पक्ष्यांच्या खास डॉक्टर सौंदर्या बेळगावहून महिन्यातून दोनदा कोल्हापूरला यायच्या. नेमगोंडा दोन पिंजरे, फाईल आणि पत्नी असं सगळं घेऊन तिथं पोहोचले. डॉक्टरांनी फाईल उघडलीच नाही. कुकीला हातात घेऊन पंख पाहिले, कातडी पाहिली आणि विचारलं, "ही झोपते किती वाजता?"

"साडेअकरा. आमची शेवटची मालिका संपली की."

"आणि उठते?"

"साडेपाचला. मी उठवतो."

"दिवसा जवळ कोण असतं? म्हणजे मध्ये मध्ये?"

"मी असतो. मध्ये मध्ये नाही, सलग," नेमगोंडा अभिमानानं म्हणाले.

"काय करता?"

"बोलतो. पेपर असतो, मग वीजदरवाढ, ज्येष्ठता यादी, माझे गुडघे, मेहुण्यानं बिद्रीचा प्लॉट परस्पर विकला ते. दुपारी तिचा जरा डोळा लागतो, पण मी परत हलवतो. एकटं वाटायला नको."

डॉक्टरांनी कुकीला अलगद पिंजऱ्यात सोडलं आणि वर फडकं टाकलं. आतून एक बारीकसा आवाज आला, दार लावून घेतलेल्या माणसानं सोडावा तसा.

"काका, हिला सोबत कमी पडत नाहीये," त्या शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या. "सोबत जास्त झालीय."

खोलीत शांतता पसरली. त्यामुळं शेटनं माग सुरू केला.

"डॉक्टर," अरुणाकाकू पुढं सरकून म्हणाल्या, "हे जरा कागदावर लिहून द्याल? दोन प्रती."

"चौतीस वर्षं काउंटरवर बसलो मी," नेमगोंडा कसेबसे म्हणाले. "मगदूम जास्त बोलतो अशी एका ग्राहकाची तक्रार नाही."

"तिथं मध्ये काच होती," अरुणाकाकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी खरंच लिहून दिलं. 'काळोख व शांतता : रोज बारा तास. काका : सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मध्ये नाही.' औषधं खूप घेतली होती नेमगोंडांनी, पण आपणच औषध होऊन जेवणाआधी-जेवणानंतर लागू पडण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या पक्ष्याचं विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आधी हिला झोपू द्या. सहा महिन्यांनी ठरवू. आणि याला त्याच्या थव्यात परत सोडा. चाळिसांतून आणून एकटा बसवलात तुम्ही त्याला."

घरी आल्यावर, परत नेईपर्यंत शेटची रवानगी मागच्या खोलीत, त्याच्या मागासकट झाली. कुकीचा पिंजरा सातला झाकला जाऊ लागला. मालिका आवाज बंद करून पाहिल्या जाऊ लागल्या. नेमगोंडा पहाटे साडेपाचला उठत, झाकलेल्या पिंजऱ्याबाहेर पेपर हातात घेऊन उभे राहत आणि आपली वेळ होईपर्यंत मनातल्या मनात वाचत. दहाव्या दिवशी कुकीच्या उघड्या छातीवर पांढरे बारीक कोंब दिसले. त्यांनी अरुणाकाकूंना हाक मारून दाखवले. नेमगोंडांचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्यातलं आनंदाचं पाणी किती आणि अपमानाचं किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. चिमुकल्या जिवाला बरं वाटायला एवढंच लागत होतं, की मगदूमांनी गप्प बसावं.

आणि उरलेल्या बावीस तासांचं काय करायचं, हे मात्र त्या कागदावर नव्हतं. त्यांनी अरुणाकाकूंना ज्येष्ठता यादी सांगायला घेतली, तर त्या मंदिरात स्वाध्यायाला निघून गेल्या. मल्लाप्पांकडं गेले, तर ते गुळाच्या सौद्याला गेलेत असं चन्नम्मांनी सांगितलं. आतल्या खोलीत मल्लाप्पा खोकले.

मंगळवारी ते शेटला परत करायला कबनूरला गेले. यशराजनं माडीवरच्या जाळीचं दार उघडलं. शेट उडून आपल्या चाळिसांत गेला आणि क्षणात कुठला तो ओळखू येईना. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नेमगोंडा रिकामा पिंजरा घेऊन खाली आले.

"बसा की पावणं! च्या घेऊन जावा!"

आठही माग चालू होते. यशराज मागांवर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यांवर नजर ठेवून स्टुलावर बसला होता. नेमगोंडा समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, चहाचा घोट घेतला आणि काय झालं ते सांगू लागले. पहिल्या पिसापासून. आरसा, म्हैस, पाकीट, वनखात्यातला अर्ज, मादी, माग, डॉक्टर. ते लिहून दिलेलं वाक्यसुद्धा, जे त्यांनी आदितीलाही सांगितलं नव्हतं. यशराज मान हलवत होता. मधेच 'व्हय व्हय' म्हणत होता. एकदाही घड्याळाकडं पाहत नव्हता, स्वाध्यायाला जात नव्हता, अंगावरचं काही उपटत नव्हता. दीड तास झाला. नेमगोंडांना वाटलं, कित्येक वर्षांत छाती इतकी हलकी झाली नव्हती.

ते थांबले, तेव्हा यशराजनं मान हलवणं आणखी थोडा वेळ चालू ठेवलं. मग समोरचे ओठ हलत नाहीत असं त्याच्या लक्षात आलं. त्यानं डाव्या कानातला कापसाचा बोळा काढला, उजव्यातला काढला आणि वाकून विचारलं, "काय म्हनालासा, पावणं?"

नेमगोंडांनी त्याच्या तळव्यावरच्या त्या दोन बोळ्यांकडं बराच वेळ पाहिलं. मागांचा खडखडाट चालूच होता.

"काही नाही," ते म्हणाले. "घाला तो कापूस परत."

आणि त्यांनी खुर्ची जराशी पुढं ओढून घेतली.